तिसऱ्या खुर्चीवर कोण बसतं?

माझ्या मावसभावाला त्याचा मुलगा महिन्यातून दोनदा, पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, कोर्टातल्या एका खोलीत, देखरेखीखाली, तासभर भेटतो. चार वर्षं हेच चाललंय. फोनवर विषय निघाला की मावशी म्हणते, बापाला चोरासारखं वागवतात. माझी धाकटी बहीण मार खाऊन सासरहून निघालेली. ती म्हणते, असल्या माणसांना तो तास तरी कशाला? आणि मग दोघी मला सांगतात, तुमच्या कॅनडात बरं, तिथे दोघांना अर्धं-अर्धं मिळतं.

तसं मिळत नाही. 1 मार्च 2021 पासून इथल्या घटस्फोटाच्या कायद्यातून 'कस्टडी' हा शब्द गेला आणि 'पेरेंटिंग टाइम', म्हणजे मुलासोबतचा वेळ, आला, हे खरं. (आपण अजून मुलाचा 'ताबा' म्हणतो, फ्लॅटचा घ्यावा तसा. मला तो शब्द दर वेळी खुपतो.) पण 2022 मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने 'बॅरेंड्रेग्ट विरुद्ध ग्रेब्लियुनास' खटल्यात स्पष्ट केलं की मुलाच्या हिताला धरून असेल तेवढाच वेळ द्यायचा, समान वाटणीचा नियम नाही. भेट किंवा नुसती मुलाची ने-आण देखरेखीखाली व्हावी, असा आदेशही कोर्ट देऊ शकतं.

ही देखरेख मी जवळून पाहिली ती भाषेमुळे. ओंटारिओ प्रांतात अशा भेटी घडवणाऱ्या एका केंद्रातून विचारणा झाली, मराठी येतं का? एक वडील चार वर्षांच्या लेकीला भेटायला येत. बोललेलं सगळं देखरेख करणाऱ्याला कळलं पाहिजे, हा तिथला नियम, आणि मराठी कुणालाच येत नव्हतं. म्हणून आधीच्या भेटींत त्यांना इंग्रजीतच बोलायला लावलं होतं. ती बापाशी कधी इंग्रजीत बोललेलीच नव्हती. पाठ फिरवून बसायची. माझ्या पहिल्या शनिवारी ते खाली बसले आणि म्हणाले, "काय गं, आज वेणी कुणी घातली?" ती वळली. "आईने," म्हणाली, आणि ठोकळ्यांचा डबा त्यांच्यापुढे ओतला.

मला टिपण लिहायचं होतं. 'मुलगी खूश झाली' असं लिहायचं नाही, हे आधीच बजावलेलं. '10.20 ला मुलीने ठोकळे वडिलांपुढे ओतले', एवढंच. जे दिसलं, ऐकलं ते, मत नाही. आईची आणि वडिलांची यायची-जायची वेळ वेगळी, गाठ पडू नये म्हणून. ते टिपण पुढे दोन्हीकडच्या वकिलांना मागवता येतं.

मावसभावाच्या खोलीत एका वेळी पाच-सहा कुटुंबं असतात आणि नोंद म्हणजे रजिस्टरमधल्या दोन सह्या. चार वर्षांत तो मुलाशी कसा वागला, मुलगा त्याच्याजवळ किती वेळ बसला, याची न्यायाधीशांपुढे एक ओळ नाही. मग ते ऑर्डर कशाच्या आधारावर बदलणार?

भारतातल्या कायद्यात मुलाचं हित 1890 च्या पालकत्व कायद्यापासून आहे. 2015 मध्ये विधी आयोगाने 257व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली. तिचा कायदा झाला नाही. जानेवारी 2020 मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने यशिता साहू प्रकरणात म्हटलं की आई-वडील दोघांची माया हा मुलाचा हक्क आहे, प्रत्यक्ष भेट होत नसेल तर व्हिडिओ कॉलवर तरी बोलणं व्हावं. घरोघरी भांडण मात्र आईचा हक्क की बापाचा, यावरच अडलेलं.

बहिणीचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. 2020 मध्ये ओंटारिओतच चार वर्षांची एक मुलगी वडिलांकडे असताना दोघंही मृत सापडली. आईने आधीच कोर्टात धाव घेतली होती. त्यातून 2023 मध्ये घरगुती हिंसाचाराबद्दल न्यायाधीशांच्या प्रशिक्षणाची तरतूद झाली, त्या मुलीच्या, कीराच्या, नावावरून तिला 'कीराज लॉ' म्हणतात. काही भेटींत तिसरा माणूस हवाच, काहींत तर कायम. पण तो का हवा, किती दिवस हवा, आणि काय दिसलं म्हणजे तो उठून जाणार, हे ऑर्डरमध्ये लिहिलेलं हवं. 'पुढील आदेशापर्यंत' या दोन शब्दांवर इथेही मुलांची वर्षं जातात.

मावसभावाला मी हेच सुचवलं की वकिलांना सांगून अर्ज कर, आणि देखरेखीचं कारण लेखी माग. मग विचारलं, "आणि ते कारण खरं निघालं तर?" तो बराच वेळ बोलला नाही. त्या रात्री त्याने दार तोडलं होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

"लिहून तरी देऊ दे, ताई," तो म्हणाला. "काय सुधारायचं ते कळेल."