इन्सुलिन नळीतून जातच नाही

मोबाइलवर फिरणारा एक मेसेज सांगतो: अख्खं स्वादुपिंड इन्सुलिन बनवतं; त्याच्या नळ्यांत ‘घाण’ साचली की इन्सुलिन आत अडकतं आणि साखर वाढते; नळ्या साफ करणारा काढा प्या, मधुमेह जाईल.

‘अख्खं स्वादुपिंड’ इथूनच गडबड सुरू होते. सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास सगळीकडे दिसतात ते ॲसिनस, पाचकरस बनवणाऱ्या पेशींचे झुबके. नेहमीच्या रंगवलेल्या स्लाइडवर या पेशींचा तळ जांभळट, तर आतल्या टोकाला निष्क्रिय एन्झाइम्सनी भरलेले गुलाबी कण. इन्सुलिन जिथे बनतं ते पेशींचे पुंजके, म्हणजे लँगरहॅन्सची बेटं, जेमतेम १ ते २ टक्के, फिकट आणि विखुरलेली. त्यांतही इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी साधारण निम्म्याच किंवा थोड्या जास्त. बाकी दुसरी हार्मोन्स बनवणाऱ्या: ग्लुकागॉनवाल्या अल्फा, सोमॅटोस्टॅटिनवाल्या डेल्टा वगैरे. 

आता नळ्या, कारण सगळा मेसेज त्यांच्यावरच उभा आहे. नळ्या आहेत, पण ॲसिनसच्या. त्या ॲसिनसच्या पोटातच, सेंट्रोॲसिनर पेशींपासून सुरू होतात, वाटेत रसात बायकार्बोनेट मिसळतात आणि लहान आतड्यात उघडतात. बेटांना नळीच नसते. छिद्राळ केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि इन्सुलिन थेट रक्तात उतरतं. हे तपासूनही झालंय. १९०० च्या सुमारास रशियन संशोधक लिओनिद सोबोलेव्ह यांनी प्राण्यांमध्ये स्वादुपिंडाची ही नळी चक्क बांधून टाकली. ॲसिनस झिजले, बेटं टिकली, मधुमेह झाला नाही. १९२० मध्ये कॅनडाचे डॉक्टर फ्रेडरिक बँटिंग यांना इन्सुलिन वेगळं काढण्याची कल्पना सुचली तीही नळी बंद झाल्यावर काय होतं, यावरचा लेख वाचून!

नळी खड्याने तुंबू शकते, हे खरं. पण तेव्हा अडतो पाचकरस: पोटात दुखतं, सूज येते. वर्षानुवर्षं असं चाललं तर जखमेच्या वणासारखा कडक भाग वाढून बेटंही नष्ट होतात आणि मधुमेह होऊ शकतो, पण तो इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी गेल्यामुळे. गेलेल्या पेशी काढ्याने परत येत नाहीत. शिवाय प्यायलेला काढा आतड्यातून उलटा या नळीत चढत नाही. रसाचा प्रवाह बाहेरच्या दिशेने असतो आणि तोंडाशी स्नायूंची झडप असते.

टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच बीटा पेशी मारते. ॲसिनस आणि नळ्या जागच्या जागी असतात. अशा माणसाने या मेसेजवर भरवसा ठेवून इन्सुलिन थांबवलं, तर एक-दोन दिवसांतच कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साचणं) होऊन जिवावर बेतू शकतं.