चाकरमानी लॅपटॉप

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या घरात मोबाइलला रेंज एकाच ठिकाणी येते. माडीवरच्या पश्चिमेच्या खिडकीत, वरच्या गजापाशी. काकीने तिथे एक बाजाराची पिशवी कायमची टांगून ठेवली आहे. ज्याला मुंबईचा फोन यायचा असेल त्याने मोबाइल पिशवीत ठेवायचा आणि खिडकीखाली वाट बघत बसायचं.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी. त्याची बॅटरी केव्हाच वारली आहे, चार्जर निघाला की गडी आहे तिथे डोळे मिटतो. प्लग फक्त माजघरात. माडीवर वायर नेणारा एकुलता एक एक्स्टेंशन बोर्ड गणपतीच्या आराशीत गुंतलेला. मी बोर्डाकडे नुसतं बघितलं तर काकी म्हणाली, "बाप्पाची माळ काढूक देवचंय नाय हां!"

म्हणजे मोबाइल वर, लॅपटॉप खाली, मध्ये वीतभर जाडीची चिऱ्याची भिंत, आणि ऋषिपंचमीच्या दुपारी साहेबांचा मेसेज: "फाइल आज पाचपर्यंत पाहिजेच." गावी येताना लॅपटॉप सोबत घेणं हा शहाणपणा नव्हे, भित्रेपणा असतो. मी तो केला होता.

मोबाइलवर हॉटस्पॉट चालू केला, पिशवीत ठेवला, जिना उतरून लॅपटॉपपाशी आलो. यादीत माझं नेटवर्क नाही. पुन्हा वर. हॉटस्पॉट चालू आहे. पुन्हा खाली. नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला, त्यात दहाबारा मिनिटं गेली, वर जाऊन बघतो तर हॉटस्पॉटच बंद. काही वेळ कोणी जोडलं गेलं नाही तर हे फोन आपणहून दुकान आवरतात. पाहुणा आला नाही म्हणून मांडलेलं पान उचलावं तसं.

चौथ्या फेरीला गुडघा बोलायला लागला. तोवर घरातल्या सगळ्यांना माझ्या व्यवसायाचं स्वरूप कळलं होतं: लेक माडीवर जातो आणि खाली येतो. आत्येभावाने सल्ला दिला की फोन उलटा ठेव. तो मी पाळलाही. काकी मोदकांचं सारण ढवळता ढवळता म्हणाली, "चार दिस गावाक इलंस, मगे ही पेटी कित्याक हाडलंस?" ह्या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

शेवटी दहावीतला पुतण्या पुढे आला. त्याने लॅपटॉप पालथा करून स्टिकर बघितला, वैद्याने नाडी बघावी तसा. "काका, हा कुठल्या सालचा?"

"२०१४."

"मग ह्याला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नसणार." नवे फोन हॉटस्पॉट बऱ्याचदा ५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे वायफायच्या वरच्या पट्टीत, देतात. जुन्या लॅपटॉपातलं वायफाय कार्ड फक्त २.४ ओळखतं. मोबाइल वरून घसा फोडून ओरडत होता आणि खालच्याला ती पट्टीच ऐकू येत नव्हती. बरं, ऐकू आली असती तरी ५ चा आवाज भिंतीपलीकडे फार टिकत नाही, आणि चिऱ्याची भिंत म्हणजे तर भिंतींमधला कुळकर्ता पुरुष. पुतण्याने सेटिंगमध्ये बँड २.४ केला. खाली नेटवर्क उगवलं.

आता पासवर्ड. तो फोनवर, फोन पिशवीत. पुतण्या माडीवरून एकेक अक्षर ओरडत होता, मी खालून विचारत होतो.

"एस!"

"कॅपिटल?"

"कॅपिटल! मग एक!"

"आकडा एक की स्मॉल एल?"

"आकडाऽऽ!"

दहा अक्षरं, दोनदा चूक. तिसऱ्यांदा लागला. हा पासवर्ड खळ्यातल्या सगळ्यांनी, तुळशीपाशी पत्ते कुटणाऱ्या मंडळींसकट, ऐकला होता. पण ते मला नंतर कळलं.

कनेक्टेड. खाली बारीक अक्षरात: नो इंटरनेट.

ही अवस्था कोकणातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. सातबाऱ्यावर दोघांची नावं शेजारीशेजारी आहेत, घर एक, विहीर एक, पण बोलणं नाही. हॉटस्पॉट बंद-चालू केला. लॅपटॉपला नेटवर्क विसरायला लावून पुन्हा ओळख करून दिली. दोघं तसेच, तोंड फिरवून.

पुतण्याने लॅपटॉपवर कमांडची काळी खिडकी उघडून काहीतरी टाइप केलं आणि हसायलाच लागला. ऑफिसातल्या कोणीतरी लॅपटॉपला नेटवर्कातला कायमचा पत्ता (आयपी अॅड्रेस) चिकटवला होता, १९२.१६८.१.२५. नियम असा की ज्याच्या नेटवर्कात जाल त्याने पत्ता द्यायचा. माझा मोबाइल वेगळ्या मालिकेतले पत्ते वाटत होता आणि हे महाशय कुडाळच्या माजघरात बसून सांगत होते की मी राहायला अंधेरीला.

मी पुतण्याला म्हटलं, "ह्यात हसण्यासारखं काय आहे? आपल्या घरातले सगळे पुरुष असेच आहेत." त्याने 'पत्ता आपोआप घे' ह्या पर्यायावर ठिपका दिला आणि इंटरनेट आलं. साडेतीन वाजले होते.

मेल उघडला, फाइल जोडली. १४ एमबी. निळी पट्टी दोन बोटं सरकली आणि बसली. वर जाऊन बघितलं तर माझ्या हॉटस्पॉटला ४ जण जोडलेले. लॅपटॉप एक, बाकीचे तुळशीपाशी. क्रिकेटचे षटकार, कुठल्याशा मंडळाची लाइव्ह आरती, कोणी काय बघत होतं देव जाणे. शिवाय लॅपटॉपला इतक्या दिवसांनी फुकटचं वायफाय दिसल्यावर विंडोजने गुपचूप अपडेट ओढायला घेतले होते. डेटा मोजका आहे, जपून वापर, असं विंडोजला सांगणारा मीटर्ड कनेक्शन नावाचा एक खटका असतो, तो आधी दाबायचा असतो. दिवसाचा १.५ जीबी संपला होता. आता वेग ६४ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. १४ एमबीला निदान अर्धा तास, तोही कोणी मध्ये आलं नाही तर.

मी खळ्यात जाऊन हात जोडले. पत्तेवाले उदार मनाने हॉटस्पॉटवरून उतरले. एकाने "काय स्लो हा रे तुझा नेट" असंही ऐकवलं.

पट्टी सरकत राहिली. काकी दोनदा डोकावून गेली, दुसऱ्यांदा उकडीचा मोदक ठेवून गेली. मी तो खाल्ला नाही, कीबोर्डला तूप लागेल म्हणून. चार पन्नासला फाइल गेली.

चार एक्कावन्नला साहेबांचं उत्तर आलं. इतक्या तत्परतेने ते कधी उत्तर देत नाहीत. उघडलं.

"आपला मेल मिळाला. गणपतीनिमित्त मी गावी असून येथे नेटवर्कची अडचण आहे. सोमवारी पाहून कळवतो."

मी चार्जर काढला. लॅपटॉपने डोळे मिटले. मग मोदक खाल्ला. तो गार झाला होता.