खुलासा : नकाशा मोठा म्हणजे मिशन मोकळं असं नाही

‘ओपन वर्ल्ड आरपीजीत (मोठ्या नकाशावर हवं तिथे भटकत, एका पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये) मिशन हवं तसं खेळता येतं, छोट्या नकाशाच्या गेममध्ये मात्र सगळं ठरलेलंच असतं’ असा दावा सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

‘स्कायरिम’ (2011) हा ओपन वर्ल्ड गेम बघा. भटकायला अख्खा प्रांत मोकळा, गृहयुद्धात बाजूही निवडता येते. पण मुख्य कथेत ब्लीक फॉल्स बॅरो या जुन्या थडग्यातून ड्रॅगनस्टोन ही शिळा आणायची, मग व्हाइटरन शहराच्या टेहळणी बुरुजापाशी ड्रॅगन मारायचा, आणि शेवटी सोव्हनगार्ड या वीरांच्या परलोकात आल्दुइन या ड्रॅगनशी लढायचं. शेवट सगळ्यांचा एकच.

त्याच वर्षीचा ‘विचर 2’ ओपन वर्ल्ड नाही; एक भाग संपला की मागे फिरता येत नाही. तरी फ्लॉटसम गावात तुम्ही रोश या लष्करी अधिकाऱ्याची साथ धरली तर दुसरा अंक केडवेनी सैन्याच्या छावणीतून सुरू होतो, इयोरवेथ या बंडखोर नेत्याची धरली तर व्हर्गेन शहरातून. पात्रं वेगळी, मिशनंही बरीचशी वेगळी. म्हणजे एकदाच खेळणाऱ्याला बनवलेल्या गेमचा मोठा तुकडा दिसतच नाही! असा खर्च करायला धाडस लागतं, म्हणूनच फार स्टुडिओ त्या वाटेला जात नसावेत.

फिरण्याची मोकळीक आणि परिणाम बदलण्याची मोकळीक, दोन्ही वेगळ्या गोष्टी. ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’मध्ये (2010) दोन्ही सापडतात.