एका ताऱ्याच्या अभिप्रायाला नर्सरीमालकाचं उत्तर: ते इडलिंबू नाही, जंभेरी आहे

नमस्कार मॅडम,

'ब्लड ऑरेंज म्हणून साडेसहाशे रुपये घेतले, चार वर्षांनी इडलिंबू लागलं, सरळसरळ फसवणूक आहे, फोनही उचलत नाहीत' हा लाल गराच्या या संत्र्याबद्दलचा तुमचा अभिप्राय वाचला. चार वर्षं गच्चीवर झाड सांभाळायचं आणि शेवटी फळ आंबटढाण निघायचं, म्हणजे राग येणारच. तुम्हाला मनस्ताप झाला त्याबद्दल माफी मागतो. फोनचं म्हणाल तर तुमचे दोन्ही कॉल रविवारी रात्री पावणेदहानंतरचे आहेत. आम्ही साडेसातला फाटक लावतो.

पण 'फसवणूक' हा शब्द लागला. तुम्ही टाकलेले तिन्ही फोटो मी मोठे करून बघितले. पहिली गोष्ट, ते इडलिंबू नाही, जंभेरी आहे, लिंबूवर्गातलंच दुसरं आंबट फळ. खडबडीत पिवळी साल, देठाकडे उंचवटा. दुसऱ्या फोटोतली कळी बघा, जांभळट आहे. संत्र्या-मोसंबीची कळी पांढरी असते, ब्लड ऑरेंजचीही पांढरीच.

आता ही जंभेरी आली कुठून? आमच्याकडूनच आली, नाकारत नाही. ब्लड ऑरेंजचं झाड आम्ही बी लावून करत नाही. जंभेरीच्या रोपावर, वीतभर उंचीवर, माल्टा ब्लड रेड या ब्लड ऑरेंजच्या जातीचा डोळा भरतो, म्हणजे तिच्या फांदीवरचा अंकुर सालीत बसवून बांधतो. खाली खुंट आणि मुळं जंभेरीची, वर फांदी ब्लड ऑरेंजची. यात लपवण्यासारखं काही नाही, विदर्भातल्या संत्र्याच्या बागा वर्षानुवर्षं याच खुंटावर उभ्या आहेत. डोळ्याच्या खालून फूट आली की ती जंभेरीचीच असते आणि ती दिसली की लगेच खुडायची असते. नाहीतर खुंट जोर धरतो आणि वरची फांदी उपाशी मरते.

तुम्ही स्वतःच लिहिलंय, 'दुसऱ्या वर्षी वरची फांदी वाळली, पण खालून जोमदार फूट आली म्हणून आनंद झाला.' मॅडम, झाड तिथेच बदललं! तिसऱ्या फोटोत सगळं दिसतंय. मधोमध पेन्सिलीएवढं काळं वाळकं खोड, आणि त्याच्या चार बोटं खालून निघालेली ती हिरवी फांदी, बोटभर काट्यांची. तेवढे काटे बघून तरी एक फोन करायचा होता, दिवसा.

त्या वाळक्या खोडाला डोळा बांधलेली निळी प्लास्टिकची पट्टी अजून दिसतेय. डोळा लागला की ती कापायची असते. रोप विकण्याआधी आमच्या मुलांनी कापायला हवी होती, राहिली. पट्टी सालीत रुतली तर डोळा आवळला जातो, हे मान्य. पण कुंडीखालची थाळी कायम पाण्याने भरलेली ठेवायची, हे आम्ही कधीच कुणाला सांगत नाही. तुमच्या फोटोत ती काठोकाठ आहे. लिंबूवर्गाला ओले पाय अजिबात चालत नाहीत.

राहिली लाल रंगाची गोष्ट. तो रंग रात्रीच्या थंडीने चढतो. इटलीतल्या सिसिली बेटावर एटना ज्वालामुखीच्या परिसरात हिवाळ्यात दिवस उबदार आणि रात्री गार असतात, म्हणून तिथला गर इतका लाल होतो. पुण्यात फळ ऐन थंडीत पिकलं तर गरावर थोड्या लाल रेषा येतील, नाहीतर आत नारिंगीच राहील. हे मी रोप विकतानाच सांगतो, तुम्हालाही सांगितलं असणार. दुकानातल्या फलकावर लालभडक फोडीचं चित्र आहे खरं, ते बदलायचं आहेच. शिवाय प्रत्येक पिशवीला फुटव्यांबद्दल एक चिठ्ठी लावायचा विचार चालू आहे.

पावसाळ्याचे दोन महिने हीच आमची वर्षाची कमाई, आणि नेमका आत्ताच तुमचा अभिप्राय सगळ्यांत वर दिसतोय. परवा एकाने गाडीतून न उतरताच विचारलं, 'ते इडलिंबूवाले तुम्हीच का?' वडिलांपासून आम्ही सोलापूर रस्त्यावर आहोत. असं कुणी विचारलं नव्हतं.

तुमचा खुंट जिवंत आहे, चांगला जाड झालाय. हिवाळ्यात कुंडी घेऊन या, त्यावर पुन्हा डोळा भरून देतो, पैसे नकोत. आणण्या-नेण्याचं तेवढं तुम्ही बघा. आत्ताच्या फळांचं लोणचं चांगलं होतं, फेकू नका. आणि तोवर ते वाळकं खोड कापू नका, पट्टीही तशीच राहू द्या. ती किती रुतलीय ते मला स्वतः बघायचंय.