एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन स्टेशने लागणे म्हणजे चोरी नव्हे

एफएम रेडिओवर एकाच आकड्यावर दोन कार्यक्रम आलटून पालटून ऐकू येऊ लागले, की एक संदेश हमखास पुढे पाठवला जातो. त्याचे सार असे आहे: एका फ्रिक्वेन्सीवर एकच स्टेशन असायला हवे, दोन ऐकू आली तर दुसऱ्याने फ्रिक्वेन्सी चोरली आहे किंवा परवाना देणाऱ्यांनी डोळेझाक केली आहे, एफएममध्ये ताकदवान स्टेशन दुबळ्याला पुरते गिळते, म्हणून आपल्या स्टेशनने ताकद वाढवली की प्रश्न मिटतो, पावसाळी हवेत लहरी ढगांवर आपटून भलतीकडे जातात, आणि हे सारे होईपर्यंत श्रोत्याने घरी मोठा अँटेना लावावा. या मजकुरातली काही विधाने साफ चुकीची आहेत, काही अर्धी खरी आहेत, आणि दोन तर परस्परांना छेद देतात. म्हणून ती एकेक करून तपासणे बरे.

पहिले विधान सर्वांत मूलभूत आहे आणि तेच सर्वांत कच्चे आहे. जगाच्या बहुतेक भागांत एफएम प्रसारणाचा पट्टा ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ इतकाच, म्हणजे २०.५ मेगाहर्ट्झ रुंद आहे. त्यात १०० किलोहर्ट्झच्या टप्प्याने जागा आखल्या तर कागदावर २०६ जागा मिळतात. पण त्या सगळ्या एकाच टेकडीवरून वापरता येत नाहीत, कारण एका स्टेशनचा सिग्नल नेमून दिलेल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. ध्वनीच्या चढउताराबरोबर त्याची वारंवारताच ७५ किलोहर्ट्झपर्यंत वर आणि तितकीच खाली झुलते. एकाच ठिकाणच्या दोन स्टेशनांत साधारण ४०० किलोहर्ट्झ अंतर ठेवले, तर एका परिसराच्या वाट्याला पन्नासेक जागा येतात. एखाद्या खंडावरची हजारो स्टेशने या हिशेबात बसवायची, तर तोच आकडा पुरेशा अंतरावर पुन्हा वापरणे हा एकच मार्ग उरतो. युरोप, आफ्रिका आणि आशियाच्या काही भागासाठी १९८४ साली जिनिव्हात ठरलेला एफएमचा आराखडा मुळात याच पुनर्वापराची मांडणी आहे. तेव्हा दुसरे स्टेशन त्याच आकड्यावर असणे ही नियमाला पडलेली भोके नसून नियमच तसा आहे. प्रश्न असतो तो फक्त ते किती दूर आहे याचा.

हे अंतर राखता येते, कारण तीन मीटरच्या आसपास लांबीच्या या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि क्षितिजापलीकडे झपाट्याने क्षीण होतात. हवेमुळे त्या किंचित वाकतात हे धरून क्षितिजाचे अंतर काढण्याचा एक सोपा ठोकताळा आहे: मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ घ्यावे आणि ४.१२ ने गुणावे, म्हणजे उत्तर किलोमीटरमध्ये मिळते. १५० मीटर उंचीवरच्या प्रक्षेपकाचे क्षितिज असे सुमारे ५० किलोमीटरवर येते, आणि छतावर १० मीटर उंच लावलेल्या अँटेनाचे १३ किलोमीटर त्यात मिळवले की एकूण ६३. त्यापुढे सिग्नल एकदम तुटत नाही, मात्र त्याचा भरवसा उरत नाही.

आता चोरीचा आरोप. एका फ्रिक्वेन्सीवरच्या दोन स्टेशनांच्या मधल्या रस्त्याने गाडी चालली आहे असे समजा. बातम्यांतले एक वाक्य स्वच्छ ऐकू येते, मधेच अर्धी ओळ गाणे, पुन्हा बातम्यांचे पुढचे वाक्य. चढ संपून गाडी दुसऱ्या उताराला लागली, की बातम्या जातात आणि गाणेच राहते. लक्ष देऊन ऐकले तर जाणवते, की दोन्ही आवाज एकत्र कालवलेले फारसे ऐकू येत नाहीत. ते जागा बदलतात. मीडियम वेव्हच्या एएम प्रसारणात, जिथे आवाज लहरीच्या उंचीच्या चढउतारात भरलेला असतो, असे होत नाही. तिथे दोन्ही आवाज एकमेकांवर चढतात आणि वाहक लहरींत, म्हणजे कार्यक्रम वाहून नेणाऱ्या मूळ लहरींच्या वारंवारतेत, थोडा फरक असेल तर मागे शीळ वाजत राहते. विमानांच्या संभाषणासाठी आजही जुनी एएम पद्धतच वापरतात, आणि दोन वैमानिक एकाच वेळी बोलले तर ती शीळ ऐकणाऱ्याला सावध करते, हा तिचा एक फायदा मानला जातो.

एफएमचा रिसीव्हर मात्र लहरीच्या उंचीकडे पाहतच नाही. तो आधी उंची छाटून सपाट करतो आणि फक्त वारंवारतेचा झोल वाचतो. त्यामुळे दोहोंतला जो सिग्नल थोडासाही जोरकस असेल त्याचा कब्जा बसतो. याला इंग्रजी नावाच्या धर्तीवर ‘कॅप्चर परिणाम’ म्हणतात. चांगल्या ट्यूनरला त्यासाठी एक ते दोन डेसिबलचा फरक पुरतो (डेसिबल हे दोन सिग्नलांच्या जोराचे गुणोत्तर सांगणारे एकक), म्हणजे एका सिग्नलची क्षेत्रतीव्रता, अर्थात त्या ठिकाणी पोहोचलेल्या लहरीचा जोर, दुसऱ्याच्या सव्वापट असली तरी पुरे. गाडी चालत असताना इमारती आणि डोंगरांवरून परावर्तित झालेल्या लहरींमुळे प्रत्येक स्टेशनची ताकद दीड-दोन मीटरच्या अंतरात कमीजास्त होत असते. म्हणून सीमेवरच्या पट्ट्यात कब्जा सेकंदागणिक बदलतो. चौकातल्या लाल दिव्याला थांबलेली गाडी हातभर पुढे घेतली आणि स्टेशन सुधारले, हा अनुभव त्यातलाच आहे. यात कोणी कोणाचे काही चोरलेले नसते; आपण फक्त दोघांच्याही सेवाक्षेत्राच्या काठावर उभे असतो.

मिसळण्याची आणखी काही घरगुती कारणे आहेत, ती संदेशात कुठेच नाहीत. मोबाइलमधली गाणी गाडीच्या रेडिओवर ऐकवणारी चार्जरच्या खोबणीतली लहान उपकरणे हीसुद्धा एफएमची प्रक्षेपकेच आहेत. युरोपात त्यांच्यावर ५० नॅनोवॉटची मर्यादा आहे. पण ती न पाळणारे उपकरण शेजारच्या गाडीत असेल, तर चौकात आपल्या बातम्यांच्या जागी त्याचे गाणे वाजू शकते आणि दिवा हिरवा झाला की निघूनही जाते. दुसरे कारण रिसीव्हरमध्येच असते. प्रक्षेपकाच्या अगदी जवळ स्वस्तातला रेडिओ दबून जातो आणि दोन जोरदार स्टेशनांच्या मिश्रणातून तिसऱ्याच आकड्यावर नसलेले स्टेशन उभे करतो. ते हवेत कुठेच नसते. दुसरा, बऱ्या दर्जाचा रेडिओ शेजारी लावला की भूत नाहीसे होते, हीच त्याची परीक्षा.

तिसरे विधान असे, की ताकदवान स्टेशन दुबळ्याला पुरते गिळते. हे खरे असते तर पहिल्या विधानातली तक्रारच उरली नसती, ही विसंगती संदेश लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेली दिसत नाही. वस्तुस्थिती या दोहोंच्या मध्ये आहे आणि मला तरी या सगळ्या विषयातला हाच भाग सर्वांत रोचक वाटतो. कब्जा बसायला दोन डेसिबल पुरतात, तर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत त्याच फ्रिक्वेन्सीवरच्या सततच्या अडथळ्यापासून स्टिरिओ प्रसारणाला ४५ डेसिबलचे संरक्षण का मागितले आहे? ४५ डेसिबल म्हणजे हवे असलेल्या स्टेशनची क्षेत्रतीव्रता नको असलेल्याच्या सुमारे १७८ पट असली पाहिजे. सव्वापट कुठे आणि १७८ पट कुठे!

उत्तर ‘जिंकणे’ आणि ‘स्वच्छ जिंकणे’ यांतल्या फरकात आहे. हरलेला सिग्नल नाहीसा होत नाही. जोरकस लहर हा एक लांब बाण मानला, तर दुबळी लहर म्हणजे त्याच्या टोकाला जोडलेला, गरगर फिरणारा छोटा बाण. दोघांचे मिळून जे टोक बनते ते मूळ दिशेच्या अवतीभवती थरथरते. छोटा बाण मोठ्याच्या दहावा हिस्सा असेल, तर ही थरथर जास्तीत जास्त सहा अंशांच्या आसपास असते. पण रिसीव्हर नेमकी दिशेच्या बदलाची गतीच वाचत असल्याने तेवढीही खरखर, फुत्कार आणि अधूनमधून चिरकलेला उच्चार या रूपांत कानावर येते. वेगाने बदलणाऱ्या थरथरीचा त्रास अधिक होतो, आणि स्टिरिओची डावी-उजवी बाजू ठरवणारी माहिती ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकाभोवती (मुख्य सिग्नलच्या आत बसवलेल्या दुय्यम लहरीभोवती), म्हणजे नेमकी वेगाने बदलणाऱ्या वरच्या मजल्यावर बसवलेली असते. म्हणून मोनो प्रसारणाला ३६ डेसिबल पुरतात, स्टिरिओला नऊ जास्त लागतात. काठावरच्या श्रोत्याने रेडिओ मोनोवर टाकला तर निम्मी खरखर जाते, ती यामुळे. संदेशात सांगितलेल्या सगळ्या उपायांपेक्षा हा बिनखर्ची उपाय अधिक कामाचा आहे आणि तोच नेमका त्यात नाही.

ही संरक्षणाची पातळी हा निसर्गनियम नाही, तो ठरवलेला निकष आहे. अमेरिकेत त्याच फ्रिक्वेन्सीवरच्या स्टेशनांसाठी सेवाक्षेत्राच्या कडेला २० डेसिबलचा, म्हणजे क्षेत्रतीव्रतेत दहा पटींचा फरक धरतात. तिथे जे कायदेशीर ठरेल त्याला दुसरीकडे दाटीवाटी म्हणतील.

ताकद वाढवण्याचा सल्ला ऐकायला सरळ वाटतो. परंतु प्रक्षेपकाची वॉटमधली ताकद क्षेत्रतीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात लागते, म्हणून ती दुप्पट केली तर हाती तीनच डेसिबल लागतात आणि दहापट केली तर दहा. मधल्या पट्ट्यातल्या श्रोत्याला ज्या ४५ ची गरज आहे त्यात ही भर किरकोळ आहे. शिवाय ती फुकट मिळत नाही. आपल्या स्टेशनने दहा डेसिबल वाढवले, की पलीकडच्या स्टेशनच्या काठावरच्या श्रोत्यांचे तेवढेच दहा डेसिबल बुडतात. मग पलीकडचेही स्टेशन ताकद वाढवते आणि दोघांमधले गुणोत्तर पहिल्या ठिकाणी परत येते. फरक पडतो तो फक्त विजेच्या बिलात. सेवाक्षेत्र खरोखर वाढवायचे तर उंचीचा उपयोग जास्त होतो, पण उंची वाढली की दूरच्या समफ्रिक्वेन्सी स्टेशनलाही आपण अधिक दिसू लागतो, हेही त्याच वेळी मान्य करावे लागते. यातून सुटण्यासाठी आराखडा करणारे दिशादर्शक अँटेना वापरतात आणि दुसऱ्या स्टेशनच्या रोखाने जाणारी ताकद मुद्दाम कमी ठेवतात. आपल्या गावात स्टेशन दुबळे का येते, याचे उत्तर कधीकधी एवढेच असते.

ढगांबद्दलचे विधान अर्धे खरे आहे: हवामानाचा संबंध आहे, पण तो पावसाळी हवेचा नाही. पावसाचे थेंब काही मिलिमीटरचे असतात आणि लहर तीन मीटरची; त्यामुळे या वारंवारतांवर पाऊस आणि ढग जवळपास नगण्य ठरतात. त्रास देते ती उलट शांत, निरभ्र हवा. वरची हवा उबदार आणि खालची थंड असा उलटा थर तयार झाला, की लहरी त्याखाली अडकून एखाद्या नळीतून गेल्यासारख्या शेकडो किलोमीटर जातात, विशेषतः समुद्रावरून. उन्हाळ्यातल्या रात्री उशिरा आणि पहाटे परके स्टेशन स्पष्ट लागते आणि ऊन चढल्यावर विरते, ते यामुळेच. दुसरा प्रकार जमिनीपासून सुमारे १०० किलोमीटर उंचीवर घडतो. तिथे विद्युत्भारित कणांचे दाट, तात्पुरते पुंजके बनतात आणि हजार-दोन हजार किलोमीटरवरचे स्टेशन काही मिनिटे किंवा तासभर खाली परतवतात. या पुंजक्यांनाही जाणकार ढगच म्हणतात, त्यामुळे संदेश लिहिणाऱ्याने ऐकलेला शब्द कदाचित बरोबर असेल, फक्त त्याचा ढग पाण्याचा झाला. आराखड्यांत अशा प्रसंगांचा विचार आधीच केलेला असतो: सतत नसलेल्या अडथळ्यासाठी स्टिरिओचे संरक्षण ४५ वरून ३७ डेसिबलवर आणलेले आहे आणि एकूण वेळेच्या एक टक्का भागात ते मोडेल हे गृहीत धरलेले आहे. वर्षाचा एक टक्का म्हणजे साडेतीन दिवसांहून थोडे अधिक. तेवढ्यावरून फसवणुकीचा निष्कर्ष निघत नाही.

मोठ्या अँटेनाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. नुसता मोठा अँटेना दोन्ही स्टेशनांना सारखाच मोठा करतो आणि गुणोत्तर तिथेच राहते. उपयोग होतो तो दिशा ओळखणाऱ्या, अनेक दांड्यांच्या अँटेनाचा, कारण त्याच्या पाठीमागून येणारा सिग्नल बराच कमी होतो. पण दोन्ही स्टेशने एकाच दिशेला असतील तर तोही निरुपयोगी.

संदेशाच्या मुळाशी असलेला समज, की समान फ्रिक्वेन्सी म्हणजे आपोआप भांडण, तोही तपासून पाहावा लागेल. डॅब या डिजिटल प्रसारणात एका जाळ्यातले सारे प्रक्षेपक मुद्दाम एकच फ्रिक्वेन्सी वापरतात आणि ते परस्परांना मदत करतात. त्यासाठी प्रत्येक संकेताआधी २४६ मायक्रोसेकंदांची मोकळी जागा ठेवलेली असते. तेवढ्या वेळात लहर सुमारे ७४ किलोमीटर जाते, म्हणून तितक्या फरकाने उशिरा पोहोचलेली प्रतसुद्धा चालते. एफएममध्येही असे करता येते, पण कार्यक्रम तोच हवा, वाहक लहरी एकमेकींशी बांधलेल्या हव्यात आणि ज्या पट्ट्यात दोन्ही सिग्नल सारखे पडतात तिथे पोहोचण्याच्या वेळेतला फरक मोजक्या मायक्रोसेकंदांत राहायला हवा. एक मायक्रोसेकंद म्हणजे ३०० मीटर, एवढी ही तारेवरची कसरत आहे.

खऱ्या बेकायदा प्रक्षेपणाच्या किंवा चुकलेल्या आराखड्याच्या घटना नसतातच असे नाही, आणि तेव्हा तक्रार करायलाच हवी. तिला वजन येण्यासाठी मात्र ‘दोन स्टेशने मिसळतात’ एवढे पुरेसे नाही. ठिकाण, फ्रिक्वेन्सी, तारीख आणि वेळ लिहावी. रेडिओ घरातला की गाडीतला, दुसऱ्या रेडिओवरही तसेच होते का, हे नोंदवावे. आरडीएस, म्हणजे आवाजासोबत स्टेशनचे नाव पाठवण्याची सोय, असलेल्या संचाच्या पडद्यावर स्टेशनचे आठ अक्षरांचे नाव बदलताना दिसते. ते बदललेले नाव सर्वांत उपयोगी, कारण परके स्टेशन कुठले हे त्यावरूनच कळते. मग तीच नोंद दोन आठवडे, दुपारी आणि पहाटे अशी दोन्ही वेळांना करावी. पहाटे येऊन दुपारी जाणारा अडथळा हवेचा असतो. स्टेशनच्या ठरलेल्या सेवाक्षेत्रात, दिवसाच्या कोणत्याही वेळी, त्याच जोराने टिकून राहणारा अडथळा जमिनीवरच्या कोणाचा तरी असतो, आणि त्याची चौकशी मागण्याचा श्रोत्याला पूर्ण हक्क आहे.