खुलासा : खुब्यातल्या स्क्रूमुळे मुलाची उंची थांबत नाही

"मुलाचा गुडघा दुखतोय? वाढीचं दुखणं आहे, मालिश करा. खुब्यात स्क्रू घातला तर उंची थांबेल," असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि त्यातला मालिशचा सल्ला धोक्याचा आहे.

साधारण 10 ते 16 वर्षांच्या, बऱ्याचदा वजन जास्त असलेल्या मुलांत कधीकधी मांडीच्या हाडाचा खुब्यातला गोळा वाढीच्या चकतीवरून (हाडाच्या टोकाजवळचा मऊ थर, जिथून हाड लांबीला वाढतं) घसरतो. बिघाड खुब्यात, पण दुखतं कधी फक्त मांडीत किंवा गुडघ्यात. त्यामुळे नुसत्या गुडघ्याच्या एक्स-रेत काही सापडत नाही. दोन्ही खुब्यांचा समोरून आणि बाजूने काढावा लागतो.

घसरलेला गोळा आपोआप जागेवर येत नाही. बहुतेकदा एकच पोकळ स्क्रू गोळ्याच्या मध्यात बसवून तो आहे तिथेच रोखतात. त्याने ती चकती बंद होते, हे खरं. पण मांडीच्या हाडाची सुमारे 70 टक्के वाढ गुडघ्याजवळच्या चकतीतून होते, आणि तिला धक्का लागत नाही. उंचीत फरक पडलाच तर थोडा.

कुबड्या घेऊनही पाऊल टाकता येत नसेल तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका मोठा असतो. पाय ओढू नका, टेकवू देऊ नका; त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ गाठा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.