ग्राहकास समज दिली

'फ्रिज व्यवस्थित. कोथिंबीर खराब. ग्राहकास समज दिली.'

हे मी लिहिलेलं नाही, हे माझ्याबद्दल लिहिलंय. एका सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवर, शेरा या रकान्यात, आणि मी स्वतः ओटीपी सांगून त्यावर शिक्कामोर्तब केलंय. आता अकरा दिवस होऊन गेले तरी रात्री लाइट बंद केला की तिसरं वाक्य डोळ्यासमोर येतं. समज दिली. शाळेत डबा वर्गात उघडला म्हणून दिली होती तशी.

झालं एवढंच की कोथिंबीर आणली की चौथ्या दिवशी तिचा चिखल व्हायचा, सलग चार वेळा झाला, तेव्हा मी फ्रिज थंड होत नाही अशी तक्रार नोंदवली. कारण फ्रिज सोडला तर दुसरा संशयित मीच उरत होतो.

मेकॅनिक आला तो पंचविशीतला पोरगा, पाठीला सॅक, कपाळावर टॉर्च आणि हातात ते पिस्तुलासारखं थर्मामीटर. मला वाटलं आता मागची जाळी उघडेल, कॉम्प्रेसरला कान लावेल, काहीतरी हुं हुं करेल. त्याने सरळ खालचा भाजीचा ड्रॉवर ओढला आणि गप्प झाला. मग दोन बोटांनी ती पिशवी वर उचलली. आत पूर्वी कोथिंबीर असलेलं काहीतरी होतं.

"किती दिवसांची?" पोलीस ज्या आवाजात बॉडीबद्दल विचारतात त्या आवाजात.

"चार."

"हं." त्याने पिस्तूल काढलं आणि फ्रिजभर गोळीबार केला. "मधला कप्पा चार डिग्री. दरवाजा आठ. मागची भिंत शून्याच्या खाली." मग बोलताबोलता ते पिस्तूल माझ्याकडे वळलं, लाल ठिपका माझ्या कपाळावर आला. "सर तेहतीस," म्हणाला. हे कशासाठी मोजलं ते मी विचारलं नाही. "फ्रिज एकदम ओके आहे सर."

"मग हे काय आहे?"

"हे तुमचं आहे."

इथे मी पैसे देऊन त्याला वाटेला लावायला हवं होतं. पण माणसाला स्वतःची बाजू मांडायची हौस असते, मी म्हणालो अहो मी काळजी घेतो, आणली की लगेच स्वच्छ धुऊन ठेवतो. त्याने डोळे मिटून घेतले. खरंच मिटले.

"धुतली. आणि पुसली?"

"कोथिंबीर कोण पुसतं?"

"सर, तुम्ही अंघोळ करून ओल्या अंगाने प्लॅस्टिकच्या पिशवीत जाऊन बसता का?"

नाही बसत. पण हा प्रश्न स्वतःच्या स्वयंपाकघरात, व्हिजिटिंग चार्ज भरून, ऐकायला लागेल असंही कधी वाटलं नव्हतं.

"रबरबँड?"

"तो त्यांनीच लावलेला होता."

"म्हणजे काढला नाही." तो ड्रॉवरकडे बघून मान हलवत राहिला. "आतली देठं एकमेकांवर दाबून बसतात, हवा जात नाही, सड मधून सुरू होते. बाहेरून हिरवी दिसते म्हणून माणूस गाफील राहतो." मग एकदम आजूबाजूला बघत, "वहिनी आहेत का घरात?"

आता हे. आमच्याकडे स्वयंपाकघर माझ्याकडे आहे, नऊ वर्षं झाली. बायकोचा आणि कोथिंबिरीचा संबंध फक्त ताटात येतो. मी त्याला म्हणालो जे काय आहे ते मलाच सांगा, तर तो समजुतीच्या सुरात म्हणाला, नाही, सांगतो ना, पण वहिनी असत्या तर बरं झालं असतं. आणि बायको लॅपटॉपवरची मीटिंग म्यूट करून आलीच. त्याने तिला पिशवी दाखवली. तिने नाक मुरडलं आणि म्हणाली, "मी ह्याला केव्हापासून सांगतेय."

काय सांगतेय? केव्हा सांगितलंस? नऊ वर्षांत मातीची जुडी आणणं, निवडणं, पिवळी पानं काढणं, देठ वेगळे करणं, दर रविवारी अर्धा तास ओट्याशी उभं राहणं, यात कुणी एकदा येऊन 'दे मी करते' म्हटलंय का? टवटवीत असते तेव्हा ती आपोआप टवटवीत असते, आणि सडली की घरात एकाएकी तीन तज्ज्ञ तयार होतात. असो. हे मी तेव्हा बोललो नाही, नंतर बोललो, आणि त्याचं वेगळं झालं.

बरं, मी काही प्रयत्न केले नव्हते असं नाही. नेटवर सांगितलेलं सगळं करून झालंय. त्या व्हिडिओंमध्ये कायम एक पांढराशुभ्र ओटा असतो, एकसारख्या बारा काचेच्या बरण्या असतात आणि एक स्वच्छ हात असतो, आणि तो हात सांगतो की ही बघा तीन आठवड्यांनंतरची कोथिंबीर. कशावरून? आजच आणली असेल. मी टिश्यूत गुंडाळून बघितली, टिश्यू बदलायचा विसरलो, टिश्यू आणि कोथिंबीर यांचा एकजीव लगदा झाला. ग्लासात पाणी घालून फुलांसारखी उभी केली तर मुलाने दुधाची पिशवी काढताना तो ग्लास आडवा केला आणि खालच्या तिन्ही कप्प्यांचं सिंचन झालं. बारीक चिरून बर्फाच्या ट्रेमध्ये पाणी घालून गोठवली, ती युक्ती खरंच चांगली आहे, फक्त वितळल्यावर पानं लोळागोळा होतात म्हणून वर भुरभुरायला चालत नाही, शिजवताना टाकायला चालते. पण हे पाहुण्यांना माहीत नव्हतं. एकाने पाण्यात बर्फ म्हणून दोन क्यूब टाकून घेतले आणि बराच वेळ ग्लासाकडे बघत बसला.

बेसिलचं तर सांगूच नका. ती नाजूक म्हणून मी तिला सगळ्यात थंड जागी, मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी पानं जळाल्यासारखी काळी. नंतर कळलं की बेसिल मुळात गरम हवेतली, दहा-बारा डिग्रीच्या खाली तिला थंडीच बाधते, तिला फ्रिजमध्ये ठेवायचंच नसतं, बाहेर ओट्यावर पाण्यात देठ बुडवून, थेट ऊन लागणार नाही अशी उभी करायची. म्हणजे कोथिंबिरीला शून्याच्या आसपासची थंडी आवडते, हिला दहाच्या खाली सोसत नाही, रोझमेरी आणि थाइमला पाण्यात उभं राहायचं नसतं, त्यांना किंचित ओलसर टिश्यू लागतो. एवढे नखरे तर लग्नघरात रुसलेले पाहुणेही करत नाहीत.

आणि तेलातलं प्रकरण. एका व्हिडिओत ताजी पानं तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवायला सांगितली होती, दिसायला फारच सुंदर. मी केलं. चार दिवस येताजाता बघत होतो. मग कुठेतरी वाचलं की तेलाखाली हवा पोचत नाही, पानात आंबटपणा नाही, बाहेरचं तापमान, म्हणजे बोटुलिझमच्या जंतूला हवं ते सगळं हजर, आणि विष तयार झालं तरी वास नाही, चव नाही, काही नाही. मी ती बरणी हातमोजे घालून टाकली. तेलात ठेवायचंच तर फ्रीजरमध्ये, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवायचं. हे त्या स्वच्छ हाताने सांगायला नको होतं का? नुसतं शेवटी हार्टची खूण.

तर मेकॅनिक. तो निघायला हवा होता, पण त्याने ड्रॉवरच्या कोपऱ्यात जीव धरून असलेली दुसरी जुडी बघितली (हो, दुसरी होती, पहिली सडणार हे गृहीत धरूनच मी आता दोन आणतो) आणि सॅक खाली ठेवली. "कात्री द्या. आणि एक सुकं फडकं." आमचा भाजीचाच धंदा होता सर, असं त्याने ओघात सांगितलं, दहावीपर्यंत मी हेच केलं. मग माझ्याच ओट्यावर पुढची वीस मिनिटं जे चाललं ते मी आणि बायको परीक्षेतल्या पोरांसारखे बाजूला उभे राहून बघत होतो. रबरबँड काढला, माझ्याकडे बघत खिशात टाकला. जप्त. एकेक काडी बघून काळी पडलेली वेगळी केली, "एक सडकं पान शेजारच्या दहांना नेतं". फडक्यावर पसरून हलक्या हाताने टिपली. देठांची टोकं कापली. ग्लास मागितला, जड बुडाचा, "हलका दिलात तर पडणार". दोन बोटं पाणी, पान एकही पाण्यात नाही. वरून पिशवी सैल टोपीसारखी. मधेच फोन वाजला, दुसऱ्या घरी एसी बंद पडला होता, तर हा म्हणतो, "इथे एक सिरीयस केस चालू आहे, अर्ध्या तासात येतो." आणि ग्लास मधल्या कप्प्यात ठेवताना अगदी हळू, मी ऐकलं, म्हणाला, "हं. घे आता श्वास."

मी हसलो. तो हसला नाही.

"श्वास घेते ती सर. तोडली तरी जिवंतच असते. आतली साखर वापरत बसते, संपली की संपली. गारठ्यात श्वास मंद होतो म्हणून तर फ्रिज."

हे मी नंतर तपासलं, कारण त्याला चूक ठरवायची फार इच्छा होती. बरोबर निघालं. तापमान दहा डिग्रीने वाढलं की पाल्याचा श्वसनाचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. म्हणजे मी इतकी वर्षं जे करतोय ती साठवण नाहीच, लांबवलेलं मरण आहे. हे कळल्यापासून ड्रॉवर उघडताना मला आयसीयूच्या दारात उभं राहिल्यासारखं होतं.

मग त्याला सफरचंदं दिसली. "ही कोणाची?" असं विचारलं. जणू ती स्वतःहून चालत येऊन तिथे बसली होती. ड्रॉवरवर एक सरकती पट्टी असते, एवढी वर्षं मला वाटायचं डिझाइन आहे. तर ती दमटपणाची खिडकी. पाला असेल तर बंद, म्हणजे हाय, फळं असतील तर उघडी, म्हणजे लो. आमची पट्टी निम्म्यावर, आत पाला आणि फळं एकत्र. पिकणारी सफरचंदं इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्याने पाला पिवळा पडतो. इथिलीनचा झाडांवर परिणाम होतो हा शोध तर १९०१ सालीच लागलाय, सेंट पीटर्सबर्गला दिमित्री नेल्युबॉव्ह नावाच्या विद्यार्थ्याची वाटाण्याची रोपं प्रयोगशाळेत वेडीवाकडी वाढत होती, तर त्याने माग काढला की दिव्यांसाठी तेव्हा जो गॅस वापरायचे त्यातलं इथिलीन हवेत मिसळतंय. १९०१! तेव्हापासून जगाला माहीत आहे, मला सोडून. फ्रिजसोबत ऐंशी पानांचं पुस्तक आलं होतं, त्यात फ्रिजवर उभं राहू नये हे चित्रासकट आहे, पट्टीचं मात्र एका ओळीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. फ्रिजवर कोण उभं राहतं?

शेवटी त्याने मोबाइलवर जॉबशीट उघडलं. मी म्हणालो, 'समज दिली' नका हो लिहू, बरं नाही दिसत. तर म्हणाला, "ते मी लिहिलेलं नाही सर, लिस्टमध्ये तीनच ऑप्शन आहेत, पार्ट बदलला, गॅस भरला, ग्राहकास समज दिली." मग कोथिंबीर खराब? "ते मी लिहिलं. फ्रिजचं नाव खराब नको व्हायला." फ्रिजचं नाव! ओटीपी बायकोच्या फोनवर गेला कारण फ्रिज तिच्या नावावर आहे, मग जॉबशीटची पीडीएफही तिलाच गेली, आणि तो लिफ्टपर्यंत पोचायच्या आत ती फॅमिली ग्रुपवर होती. माझ्या आत्याने त्यावर अंगठा दाखवला. आजवर माझ्या एकाही बढतीला तिने अंगठा दाखवलेला नाही.

त्या ग्लासातली कोथिंबीर आज बाराव्या दिवशी ताठ उभी आहे. एक दिवसाआड मी पाणी बदलतो. तिच्याकडे बघून मला आनंद व्हायला हवा, पण तिची ती ऐट बघून संतापच येतो, चार पानं खुडली तरी काही फरक पडत नाही, जुडी तशीच. आणि चारच पानं लागतात हो. माणसाला एका वेळी चार पानं लागतात आणि विकत मात्र झुडूप मिळतं, उरलेल्याची जबाबदारी आपली. याबद्दल कुणाला समज देत नाहीत.

दरम्यान काल रात्रीपासून फ्रिजच्या मागून खरोखर टकटक आवाज येतोय आणि आज सकाळी बर्फ जमला नव्हता. तक्रार नोंदवायला हवी. फोन हातात घेतला, आणि आठवलं की खालच्या ड्रॉवरमध्ये, अगदी मागे, गेल्या गुरुवारचा पुदिना आहे. धुतलेला. रबरबँडसकट. आधी तो गुपचूप खाली टाकून येतो.